गच्चीलाही शेत मानणारे गणिती

पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कोल्हापूरकडे निघाले, की कऱ्हाड ओलांडताच मलकापूर लागते. एकेकाळच्या या शेतकरी गावात आता शिवाराच्या जागी बंगले आणि सदनिका उभ्या आहेत. जमीन गेली तरी मातीची ओढ जात नाही. म्हणून गच्चीवर आणि सज्जात कुंड्या येतात. कोणी मोगरा लावतो, कोणी लिंबू, कोणी अंजीर. पहिला बहर सरला की यातली बरीच झाडे रोडावतात आणि हौस ओसरते. अशा हौशी बागायतदारांनी आवर्जून आठवावे असे एक व्यक्तिमत्त्व याच रस्त्याच्या दोन टोकांवर घडले. ते म्हणजे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर.

साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबात १९२४ मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षणतज्ज्ञ देवदत्त आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणारे डॉ. नरेंद्र हे त्यांचे बंधू. श्रीपादरावांचा विषय गणित. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ग्रामीण शिक्षणाच्या या प्रयोगभूमीत त्यांना एक प्रश्न सतावू लागला. विज्ञान प्रयोगशाळेत राहते आणि शेतकरी केवळ सल्ला ऐकणारा उरतो, असे का? शेतकऱ्याने स्वतः निरीक्षण करावे, नोंद ठेवावी, चूक पकडावी आणि मिळालेले ज्ञान शेजाऱ्याला द्यावे, या विचारातून ‘प्रयोग परिवार’ उभा राहिला. त्याला ना इमारत होती, ना पदांची उतरंड. पत्रव्यवहार, भेटी आणि परस्परांच्या बागा पाहणे हाच त्याचा अभ्यासक्रम होता.

या चळवळीची पहिली मोठी कसोटी सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात लागली. पर्जन्यछायेतील या भागात द्राक्षबागा फुलवणाऱ्या शेतकऱ्यांनी छाटणी, मुळे आणि पाने यांचा बारकाईने अभ्यास केला. थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण याच तासगावच्या मातीतला. सामान्य बागायतदाराची नजर संशोधकाची होऊ शकते, याचा तो पुरावाच होय.

दाभोळकरांनी शेतीकडे गणिती नजरेने पाहिले. त्यांच्या लेखी पीक म्हणजे सूर्यप्रकाशाची कापणी. स्वच्छ उन्हाच्या दिवशी एक चौरस फूट निरोगी पान सुमारे चार ग्रॅम ग्लुकोज तयार करू शकते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे शंभर चौरस फूट पानांचे छत दिवसाला चारशे ग्रॅमची कमाई करील. यातील काही वाटा झाड स्वतःच खर्च करते आणि हा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे. उंच इमारतींच्या सावलीतल्या सज्जात तो बराच खाली येईल. तरी यातून मिळणारी दृष्टी महत्त्वाची आहे. कुंडीत खत किती घातले, यापेक्षा किती पानांना किती तास ऊन मिळाले, हे आधी मोजावे. दहा गुंठे, म्हणजे पाव एकर जमिनीत पाच जणांच्या कुटुंबाने सन्मानाने जगावे, ही त्यांची मांडणीही याच हिशेबावर उभी होती.

दुसरा धडा मातीचा. वाळलेला पालापाचोळा शेण, गोमूत्र आणि गुळाच्या पातळ पाण्यात भिजवून, मातीचे हलके थर देत त्याचा ढीग रचायचा. त्यावर कडधान्ये, तृणधान्ये, तेलबिया, भाज्या अशी नानाविध बी पेरायची आणि ठरावीक दिवसांनी उगवण कापून त्याच ढिगात मिसळायची. यातून तयार होणारी भुसभुशीत माती वजनाला हलकी असते, ओलावा धरते आणि गच्चीवर भार टाकत नाही. म्हणूनच ही पद्धत शेताबाहेर शहरातही पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर कचऱ्यातून फुललेली बाग ही त्यांच्याच विचाराची पुढची पायरी ठरली.

जमनालाल बजाज पुरस्काराने त्यांच्या कार्याची दखल घेतली. ‘विपुलाच सृष्टी’ आणि इंग्रजीतील ‘प्लेंटी फॉर ऑल’ या ग्रंथांतून त्यांनी आपली मांडणी मागे ठेवली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले आकडे कोणी श्रद्धेने स्वीकारावेत, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. प्रत्येकाने ते आपल्या अंगणात पडताळून पाहावेत, हीच त्यांची शिकवण होती.

मलकापुरात मीटरने चोवीस तास पाणी देण्याची योजना २०१० च्या सुमारास राज्यभर नावाजली गेली. तिथे पाण्याचा हिशेब घरोघरी पोहोचला. पाल्याचा आणि उन्हाचा हिशेब मात्र अजून मांडायचा आहे. ही गोष्ट एकट्या मलकापूरची नाही. आपल्याकडच्या शहरांत सोसायटीच्या आवारात झाडून काढलेली पाने आजही पेटवली जातात आणि त्याच सोसायटीतील रहिवासी कुंड्यांसाठी मातीची पोती विकत आणतात. दाभोळकरांनी आयुष्यभर ज्या उधळपट्टीकडे बोट दाखवले, ती हीच. येत्या रविवारी ती पाने एका जुन्या पिंपात साठवून, वहीत तारीख लिहून ठेवली, तर त्यांच्या प्रयोग परिवारात आणखी एका घराची भर पडेल.