उंबरठ्याआडचे दुखणे

तान्ह्या मुलाचा हात मोडला, तर तो कसा मोडला हे ते मूल सांगू शकत नाही. सांगतात ते आईवडील. पाळण्यातून पडले, थोरल्या भावाने ओढले, कसे झाले ते कळलेच नाही. डॉक्टर ते लिहून घेतात, प्लॅस्टर घालतात आणि मूल घरी जाते. काही महिन्यांनी तेच मूल पुन्हा येते, या वेळी डोक्याला मार लागलेला असतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९५६ साली बालरोग विभागाचे प्रमुख म्हणून आलेल्या चौतीस वर्षांच्या डॉ. हेन्री केम्पे यांना या लिहून घेतलेल्या कारणांचाच राग येऊ लागला. हाताखालचे डॉक्टर रक्ताचा दुर्मीळ विकार, हाडांचा जन्मजात ठिसूळपणा अशी निदाने करीत. मुलाला कोणीतरी मारले आहे, हे मात्र कोणाच्या लेखणीतून उतरत नव्हते.

केम्पे यांचा जन्म १९२२ सालचा, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. घराणे ज्यू. हिटलरच्या राजवटीत घरदार सोडून हा मुलगा इंग्लंडमार्गे कॅलिफोर्नियात पोहोचला, तिथेच शिकला आणि १९४५ साली डॉक्टर झाला. येल विद्यापीठात त्यांना रूथ भेटल्या, त्याही डॉक्टरच. १९४८ साली लग्न झाले आणि पुढे या जोडप्याला पाच मुली झाल्या.

त्यांचे पहिले प्रेम मात्र देवीच्या रोगावर होते, आणि त्या निमित्ताने ते आपल्या देशाशी जोडले गेले. मद्रासच्या साथरोग रुग्णालयातले डॉ. ए. रामचंद्र राव यांच्यासह त्यांनी एक प्रयोग केला. देवी आलेल्या रुग्णाच्या घरातल्या माणसांना लस टोचायची आणि त्यांपैकी काहींना जोडीला लस घेतलेल्यांच्या रक्तातून काढलेले प्रतिकारद्रव्यही द्यायचे. नुसती लस मिळालेल्या ३७९ जणांपैकी २१ जणांना देवी आल्या, दोन्ही मिळालेल्या ३२६ जणांपैकी फक्त पाच जणांना. हे आकडे १९६१ साली प्रसिद्ध झाले. आपल्या गोष्टीत ते लक्षात ठेवायला हवेत. दोन गट करायचे, एकाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला नाही आणि मग मोजायचे, ही शिस्त या माणसाच्या हाडात होती. अमेरिकेत देवी उरलेल्याच नाहीत, तेव्हा आता तिथे रोगापेक्षा लसच अधिक मुलांना इजा करते, असे त्यांनी १९६५ साली हिशेब मांडून सांगितले. गदारोळ झाला. १९७२ मध्ये सरकारने ते मानले.

हाच हिशेबी माणूस मोडक्या हाडांकडे वळला. तसे १९४६ सालीच जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने मेंदूभोवती रक्त साकळलेल्या सहा बाळांच्या हातापायांत मिळून तेवीस मोडलेली हाडे दाखवली होती. पण ती कोणी मोडली, हे सांगायला तोही कचरला. केम्पे यांनी देशभरातल्या रुग्णालयांना पत्रे धाडली. ७१ रुग्णालयांनी एका वर्षात ३०२ मुले पाहिल्याचे कळवले. त्यांतली ३३ दगावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. जुलै १९६२ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी लेख लिहिला आणि या दुखण्याला मुद्दामच झोंबणारे नाव दिले: मारहाण झालेल्या मुलाचा लक्षणसमूह. सौम्य नाव दिले असते तर कोणी वळूनही पाहिले नसते. पाच वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांत डॉक्टरांनी असा संशय कळवलाच पाहिजे, असे कायदे झाले.

इथे थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण कायदा येतो तो हाड मोडल्यानंतर. केम्पे यांचे मनोविकारतज्ज्ञ सहकारी ब्रँट स्टील या आईवडिलांशी तासन्‌तास बोलत. त्यांना राक्षस भेटले नाहीत. भेटली ती बहुधा एकटी पडलेली, स्वतःच लहानपणी मार खाल्लेली माणसे. रडणारे तान्हे बाळ त्यांना आपला धिक्कार करते आहे असे वाटे. मध्यरात्री हाक मारावी असे त्यांना कोणी नव्हते. सासू, मावशी, शेजारीण ही माणसे आपल्याकडे पुष्कळदा डोक्याला ताप वाटतात. पण नसली की काय होते, ते डेन्व्हरमध्ये दिसत होते.

मग केम्पे यांनी शेजारीणच उपलब्ध करून द्यायची ठरवली. ब्रिटनमध्ये बाळ जन्मले की आरोग्यसेविका घरी येते, गरीब-श्रीमंत सर्वांकडे. ती चौकशीला येत नाही, मदतीला येते, म्हणून तिच्यासाठी दार उघडते. डेन्व्हरमध्ये असे काम साध्या, मुले वाढवलेल्या, प्रेमळ माणसांनी करावे, पदवीची गरज नाही, असे त्यांचे मत होते.

आणि मग मद्रासची शिस्त आली. १९७१ ते १९७३ या काळात कोलोरॅडोच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या ३५० मातांना त्यांच्या चमूने पारखले. बाळ हातात दिल्यावर आई त्याच्याकडे कशी पाहते, काय बोलते, हे बाळंतपणाच्या खोलीतच टिपले. काळजी वाटावी अशा शंभर मातांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाकडे डॉक्टर, परिचारिका, घरी येणारी सेविका यांचा राबता. दुसऱ्याला नेहमीचीच सेवा. मुले साधारण दोन वर्षांची झाल्यावर प्रत्येक गटातली पंचवीस कुटुंबे तपासली. मदत न मिळालेल्यांतली पाच मुले गंभीर इजांनी रुग्णालयात दाखल झाली होती. मदत मिळालेल्यांतले एकही नाही. मात्र अत्याचाराच्या तक्रारींच्या संख्येत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेही छापले आहे. मला त्या पाच मुलांइतकेच हे वाक्य मोलाचे वाटते.

मार्च १९८४ मध्ये हवाई बेटांवर केम्पे वारले. वय एकसष्ट. त्यांची कल्पना त्या आधीच त्याच बेटांवर रुजली होती. १९८५ पासून तिथे साध्या सेविका घरोघर जाऊ लागल्या, सुरुवातीचे अहवाल उत्साहाचे होते आणि योजना राज्यभर पसरली. पण दोन गट करून नीट मोजले, तेव्हा २००४ साली आलेले उत्तर निराशाजनक होते: मुलांवरील अत्याचार फारसे घटले नव्हते. निम्म्या कुटुंबांनी वर्षभरातच योजना सोडली होती. घरातले व्यसन, मारहाण सेविकांच्या नजरेतून निसटत होती, किंवा दिसूनही काय करावे ते उमगत नव्हते.

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी ४०० गर्भवतींवर केलेला प्रयोग वेगळे सांगत होता. तिथे प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात. पंधरा वर्षांनंतर, त्या घरांतल्या अत्याचाराच्या नोंदी जवळजवळ निम्म्या भरल्या. पण जिथे नवराबायकोत वारंवार मारहाण होती, त्या घरांत हा गुण दिसला नाही.

परिचारिका की शेजारीण, हा प्रश्न अखेर केम्पे यांच्याच गावात सोडवायला घेतला गेला. ओल्ड्स तोवर कोलोरॅडो विद्यापीठात आले होते. डेन्व्हरमध्ये त्यांनी पहिलटकरीण असलेल्या ७३५ गरीब स्त्रियांचे तीन गट केले: एकाकडे परिचारिका, एकाकडे साध्या सेविका, एकाकडे कोणीच नाही. निष्कर्ष २००२ साली आले. साध्या सेविकांचा उपयोग झाला, पण बहुतेक बाबतींत परिचारिकांच्या निम्माच.