वर्गाबाहेर ठेवलेले इक्बाल

जानेवारी १९२९ मध्ये सर मुहम्मद इक्बाल मद्रासची व्याख्याने आटोपून बंगळुरूला आले. लाहोरमध्ये वकिली करणारा, पंजाबच्या विधिमंडळाचा सदस्य असलेला आणि उर्दू-फारसी कवितेत तोवर मोठे नाव झालेला हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ दक्षिणेत आला होता तो कविसंमेलनासाठी नव्हे, तर तत्त्वज्ञानावर बोलण्यासाठी. बंगळुरूच्या मुस्लिम लायब्ररीने त्यांचा सत्कार केला. येथून ते म्हैसूरला गेले, श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाच्या कबरीपाशी थांबले आणि पुढे हैदराबादला रवाना झाले. म्हैसूर संस्थानाचे दिवाण त्या वेळी मिर्झा इस्माईल होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठात सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी १९१८ ते १९२१ या काळात तत्त्वज्ञान शिकवले होते. भारतीय दर्शनांचे मर्मज्ञ एम. हिरियण्णा तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि ए. आर. वाडिया हे पारशी गृहस्थ पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवत होते. तत्त्वज्ञानाचा गंभीर अभ्यास कोणत्याही एका परंपरेच्या कुंपणात होत नाही, हे त्या काळच्या म्हैसूरला वेगळे पटवून देण्याची गरज नव्हती.

मी ज्या शहरात राहतो त्या बंगळुरूत या भेटीची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. इक्बाल यांचे नाव आपल्याकडे निघते ते दोनच प्रसंगी. एक, त्यांच्या ‘तराना-ए-हिंदी’ची धून लष्करी बँडवर वाजते तेव्हा, आणि दुसरा, पाकिस्तानचा जनक म्हणून त्यांना नाकारायचे असते तेव्हा. मे २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने बी. ए. राज्यशास्त्राच्या आधुनिक भारतीय राजकीय विचार या विषयातून इक्बाल यांच्यावरील प्रकरण वगळण्याचा ठराव संमत केला. राममोहन रॉय, पंडिता रमाबाई, विवेकानंद, गांधी, आंबेडकर, सावरकर, नेहरू अशा मालिकेत ते प्रकरण होते. त्या निर्णयाचा विचार करायचा, तर आधी या माणसाने काय शिकले आणि त्या शिक्षणाचे पुढे काय केले, हे पाहावे लागते.

इक्बाल यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७७ रोजी सियालकोटमध्ये झाला. घराणे मूळचे काश्मिरी ब्राह्मणांचे, काही पिढ्यांपूर्वी इस्लाम स्वीकारलेले. वडील शेख नूर मुहम्मद शिवणकाम करत. औपचारिक शिक्षण नसले तरी सूफी विचारांची त्यांना ओढ होती. सियालकोटच्या स्कॉच मिशनच्या शाळेत सय्यद मीर हसन यांनी या मुलाला अरबी आणि फारसी वाङ्मयाची गोडी लावली. ख्रिस्ती मिशनऱ्यांची शाळा, मुस्लिम गुरू आणि आधुनिक अभ्यासक्रम असा हा संगम होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात त्यांना टॉमस अर्नल्ड भेटले. अलीगढला शिकवून आलेले हे इंग्रज प्राध्यापक इस्लामच्या इतिहासाचे जाणकार होते. १८९९ मध्ये इक्बाल तत्त्वज्ञानात एम. ए. झाले. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वरी’ या संशोधनपत्रिकेत त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता अब्दुल करीम अल-जीली या सूफी तत्त्वज्ञाची परिपूर्ण मानवाची कल्पना. सियालकोटच्या शिंप्याचा मुलगा तेविसाव्या वर्षाच्या आत एका मध्ययुगीन अरबी ग्रंथाची जर्मन तत्त्वचिंतनाशी तुलना करत होता.

पण यापुढचे शिक्षण हिंदुस्थानात मिळणे कठीण होते. आपली विद्यापीठे तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारी मंडळे होती. पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन ही त्यांची जबाबदारी असावी हा विचार १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कुठे मूळ धरू लागला. १९०५ मध्ये इक्बाल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. खर्चाचा मोठा भार थोरले बंधू अता मुहम्मद यांनी उचलला. केंब्रिजमध्ये हेगेलचे भाष्यकार मॅकटॅगर्ट आणि मानसशास्त्राला तत्त्वज्ञानाशी जोडणारे जेम्स वॉर्ड यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. केंब्रिज तेव्हा पीएच. डी. देत नसे. तेथे प्रबंधावर बी. ए.ची पदवी घेऊन त्यांनी डॉक्टरेटसाठी म्युनिक गाठले. म्युनिक विद्यापीठाने त्यांना तेथील सत्रे पूर्ण करण्याच्या अटीतून सूट दिली, प्रबंध इंग्रजीत सादर करू दिला, आणि तोंडी परीक्षा मात्र जर्मनमध्ये घेतली. त्यासाठी १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांनी हायडेलबर्गला जर्मन शिकून घेतले. तेथे नेकर नदीच्या एका काठाला आज त्यांचे नाव आहे. शिवाय लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. हे सारे तीन वर्षांत.

१९०८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेला हा प्रबंध इराणमधील तत्त्वमीमांसेच्या विकासाविषयी आहे, आणि तो अर्नल्ड यांना अर्पण केलेला आहे. त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. सुरुवात इस्लामपासून होत नाही. ती जरथुष्ट्र, मानी आणि मज्दक यांच्यापासून होते. मग ग्रीक विचार अरबी-फारसी जगात कसा आला, इब्न सिना यांनी त्याचे काय केले, मुतझिला पंथाच्या बुद्धिवाद्यांना अशअरी पंथाने कसे उत्तर दिले, सूफी विचार कसा फुलला आणि सुहरावर्दी यांनी प्रकाशाचे तत्त्वज्ञान कसे उभारले, असा हा प्रवास एकोणिसाव्या शतकातील बाबी पंथापर्यंत येतो. परंपरा ही एकसंध शिळा नसून शतकानुशतके चाललेला वादविवाद आहे, ही जाणीव या प्रबंधात ठायी ठायी दिसते. पुढील संशोधकांनी त्यातील अनेक तपशील दुरुस्त केले, आणि तसे होणे हेच जिवंत विद्येचे लक्षण असते.

१९०८ मध्ये परतलेले इक्बाल गेले तेव्हाचे राहिले नव्हते. जाण्यापूर्वी त्यांनी ‘तराना-ए-हिंदी’ आणि ‘नया शिवाला’ या कविता लिहिल्या होत्या; दुसरीत तर सर्वांसाठी एकच नवे देवालय उभारण्याची हाक होती. युरोपात त्यांनी राष्ट्रवादाचे आक्रमक रूप पाहिले आणि त्यापासून ते दूर सरले. वेदांत आणि सूफी अद्वैताविषयीची त्यांची ओढही ओसरली. १९१५ च्या ‘असरार-ए-खुदी’ या फारसी काव्यात त्यांनी खुदीचा, म्हणजे कृतिशील आत्मभानाचा सिद्धांत मांडला. आत्मविलोपनाऐवजी आत्मविकास, असा त्याचा आशय होता. त्यात हाफिजवर इतकी कठोर टीका होती की सूफी वर्तुळात वादळ उठले आणि दुसऱ्या आवृत्तीतून तो भाग काढावा लागला. केंब्रिजचे निकल्सन यांनी १९२० मध्ये या काव्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा युरोपीय समीक्षकांना त्यात नित्शे दिसला. इक्बाल यांनी निकल्सन यांना कळवले, की परिपूर्ण मानवाविषयी आपण नित्शे वाचण्यापूर्वीच लिहिले होते. मुंबईच्या संशोधनपत्रिकेतला तो निबंध त्यांच्या बाजूने साक्ष देत होता.

दक्षिणेतील व्याख्यानांनी या साऱ्या अभ्यासाची परिणती झाली. मद्रासला त्यांनी तीन व्याख्याने दिली. अलीगढला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सहा पूर्ण केली. १९३० मध्ये लाहोरला आणि १९३४ मध्ये, आणखी एका व्याख्यानाची भर घालून, ऑक्सफर्डहून ती ग्रंथरूपाने निघाली. इस्लामी धर्मचिंतनाची पुनर्रचना हा त्यांचा विषय. येथे गझाली आणि कांट शेजारी बसतात. बर्गसाँचा काळाचा विचार, आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आणि व्हाइटहेड यांची चर्चा रूमीच्या सोबतीने होते. सहावे व्याख्यान धोरणाचा विचार करणाऱ्या आजच्या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. इज्तिहाद, म्हणजे कायद्याविषयी स्वतंत्र बुद्धीने निर्णय करण्याचा अधिकार, हे इस्लामच्या रचनेतील गतीचे तत्त्व आहे, असे इक्बाल तेथे मांडतात. हा अधिकार एखाद्या उलेमाकडे न राहता विधिमंडळाकडे यावा, असे ते मानतात.

त्याच व्याख्यानात पंजाबमधील एका वास्तवाचा उल्लेख आहे. नकोशा पतीपासून सुटका मिळवण्यासाठी काही मुस्लिम स्त्रियांना धर्म सोडावा लागत होता, कारण तेथील न्यायालये पाळत असलेल्या हनफी परंपरेत त्यांना दुसरी वाट नव्हती. इक्बाल यांनी विचारले, की धर्माचे रक्षण करणारा कायदाच माणसांना धर्माबाहेर ढकलत असेल, तर तो तसाच ठेवायचा का? त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९३९ मध्ये, मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. उलेमा आणि विधिमंडळातील सदस्य या दोघांचाही त्यात वाटा होता. मुस्लिम स्त्रीला ठरावीक कारणांवर न्यायालयात घटस्फोट मागण्याचा हक्क त्याने दिला, आणि तो भारतात आजही लागू आहे. व्यक्तिगत कायद्यांवरील आपल्या चर्चेत हा इतिहास क्वचितच येतो.

तरीही इक्बाल यांना उदारमतवादी सुधारक म्हणून गौरवून मोकळे होता येत नाही. वारसाहक्कात स्त्रीला समान वाटा देण्याची तुर्की कवी झिया गोकाल्प यांची मागणी त्यांनी त्याच व्याख्यानात फेटाळली. ‘जावेदनामा’ (१९३२) या महाकाव्यात रूमीच्या सोबतीने ग्रहमंडळांची यात्रा आहे. तेथे भर्तृहरीला सन्मानाचे स्थान आहे, टिपू आहे, त्याच्याशी दगा करणारा मीर सादिकही आहे. आणि स्त्रीस्वातंत्र्याचा पुकारा करणारी स्त्री मात्र तेथे फसवी ठरते. लोकशाहीविषयी ते साशंक होते. अहमदिया समाजाला मुस्लिमांपासून वेगळे मानावे, असा आग्रह त्यांनी १९३५ मध्ये धरला, आणि त्यावरून नेहरूंशी त्यांचा जाहीर वाद झाला. पाकिस्तानात पुढे त्या समाजाच्या वाट्याला जे आले, ते पाहता या वादात नेहरूंची बाजू अधिक दूरदृष्टीची होती, असे मला वाटते.

आणि मग अलाहाबाद. २९ डिसेंबर १९३० रोजी मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून त्यांनी पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान यांचे एक राज्य व्हावे, ते ब्रिटिश साम्राज्यात असो वा बाहेर, अशी कल्पना मांडली. हे राज्य हिंदी संघराज्यात असावे की सार्वभौम, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९३४ मध्ये एडवर्ड टॉम्सन यांना लिहिताना त्यांनी पाकिस्तान या योजनेशी आपला संबंध नाकारला. परंतु १९३६-३७ मध्ये जिना यांना लिहिलेल्या पत्रांत ते वेगळ्या मुस्लिम राज्याकडे स्पष्टपणे झुकलेले दिसतात. २१ एप्रिल १९३८ रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले. फाळणी त्यांनी पाहिली नाही, पण तिला वैचारिक बळ त्यांच्या लेखनातून मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा निर्णय योग्य होता का? मला तसे वाटत नाही. ज्या विचारांनी उपखंडाचे विभाजन घडवले, ते न शिकवता फाळणी समजावून कशी सांगणार? अभ्यासक्रमातील स्थान हा पुरस्कार नसतो. शिवाय इक्बाल वगळल्याने त्यांची चिकित्साही वगळली जाते. कायद्यात गती मागणारा हा विचारवंत समाजाच्या सीमा मात्र इतक्या ताठर का आखतो, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडायला हवा. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील पिलिभीत जिल्ह्यात इक्बाल यांची बालप्रार्थना म्हणून घेतल्याबद्दल एका मुख्याध्यापकाला निलंबित करण्यात आले होते. विद्यापीठे जे टाळतात, ते शाळांपर्यंत भीती होऊन पोहोचते.

खरी उणीव याहून खोल आहे. नेट परीक्षेच्या तत्त्वज्ञान अभ्यासक्रमात आधुनिक भारतीय विचारवंतांमध्ये फुले, आंबेडकर, गांधी यांच्याबरोबर इक्बाल यांचे नाव आहे. परंतु फाराबी, इब्न सिना, गझाली, इब्न रुश्द यांचा परिचय नसलेल्या विद्यार्थ्याने इक्बाल समजून घ्यायचे कसे? आपल्या तत्त्वज्ञान विभागांत बहुधा भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोनच कप्पे असतात; इस्लामी तत्त्वज्ञान इस्लामी अध्ययन किंवा अरबी-फारसी विभागाकडे सोपवले जाते. युरोपात मात्र थॉमस ॲक्वायनस समजून घ्यायला इब्न रुश्द वाचावाच लागतो. अरबी-फारसी हस्तलिखितांचे मोठे साठे आपल्याकडे पाटण्याच्या खुदाबक्ष आणि रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहेत. ते वाचू शकणारे आणि त्याच वेळी कांट-हेगेल जाणणारे तरुण संशोधक मात्र मोजके.

ही माणसे आपोआप तयार होत नाहीत. इक्बाल यांच्यामागे मिशनची शाळा होती, मीर हसन होते, अर्नल्ड होते आणि पैसे पाठवणारा भाऊ होता. ज्याला असा भाऊ नाही, त्याच्यासाठी अधिछात्रवृत्ती असते. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. इतर योजना त्यांना खुल्या आहेत, हे सरकारचे म्हणणे मान्य केले, तरी अरबी, फारसी, पाली, ग्रीक किंवा जर्मन शिकून मूळ ग्रंथांवर काम करणाऱ्यांसाठी, ते कोणत्याही धर्माचे असोत, वेगळी तरतूद हवी. पदव्युत्तर तत्त्वज्ञानात इस्लामी परंपरेची एक प्रश्नपत्रिका सर्वांसाठी असावी, आणि दर्शनांची ओळख इस्लामी अध्ययनाच्या विद्यार्थ्यांनाही व्हावी. या दोन सुधारणांना फार पैसा लागत नाही. विद्यापीठांनी आपल्या विभागांमधली दारे उघडली तरी पुरे. शंभर वर्षांपूर्वी सियालकोटच्या विद्यार्थ्याला त्यासाठी म्युनिकला जावे लागले. आजच्या विद्यार्थ्यालाही तेच करावे लागत असेल, तर ती आपल्या उच्च शिक्षणाची नामुष्की आहे.