अंगणात गेलेली शाळा

दरवर्षी २१ जुलैच्या सुमारास इथे सिंगापूरच्या शाळांमध्ये रेशियल हार्मनी डे असतो. १९६४ साली इथे चिनी आणि मलय लोकांत दंगली झाल्या, तसं पुन्हा होऊ नये म्हणून हा दिवस पाळतात. मुलं आपापल्या घरचे पोशाख घालून येतात. मी एका बालवाडीत सहायक शिक्षिका, त्यामुळे त्या दिवशी माझी नुसती धावपळ. पण गेल्या वर्षी या दिवसाने मलाच धडा शिकवला.

झालं असं, वर्गात कोल्हापूरहून एक चिमुरडी नवीन आली होती. नाव मुस्लिम, म्हणून मी तिच्याशी हिंदीत बोलायचे. ती गप्पच. तीन महिने तिच्या नोंदवहीत मी लाजाळू एवढंच लिहीत राहिले. त्या दिवशी तिची आजी सोडायला आली आणि अस्सल कोल्हापुरी मराठीत नातीला दटावू लागली. नातही तेवढ्याच ठसक्यात उत्तरं देत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री आईला फोन केला. ती निवृत्त बालवाडी शिक्षिका. रागावली नाही, ताराबाई मोडकांची गोष्ट सांगत बसली. नाव माहीत होतं, आयुष्य मात्र मला त्या रात्री कळलं.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या. घर सुधारकी विचारांचं. १९१४ साली बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. लेकीसाठी चांगली शाळा शोधताना त्यांना भावनगरचं गिजुभाई बधेकांचं बालमंदिर सापडलं. तिथलं काम त्यांना इतकं पटलं, की प्राचार्यपद सोडून त्या गिजुभाईंबरोबर कामाला लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार.

सगळं छान चाललं होतं. पण माँटेसरीची महागडी साधनं आणि शहरातली मुलं, एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. दलित वस्तीतल्या मुलांसाठी बालवाडी काढली, तर मुलं येईनात. अशा वेळी या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ताराबाईंनी कारण शोधलं. आईबाप कामावर गेले, की धाकटी भावंडं थोरल्या मुलांच्या कडेवर. शाळेत येणार कोण? मग त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. साधनं कुठली, तर बिया, खडे, शंखशिंपले, पानं, म्हणजे मुलांच्या ओळखीचीच.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली मुलं दिवसभर गुरांमागे. मग कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी केली, म्हणजे थोरलीला धाकट्यासाठी घरी थांबायला नको. १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली ताराबाई गेल्या.

आई थांबली आणि मी विचारात पडले. आमच्याकडे १९८९ पासून सरकारी इमारतींत कुठल्या समाजाची किती घरं असावीत याचं प्रमाण ठरलेलं आहे. कितीतरी बालवाड्या तर या इमारतींच्या तळमजल्यावरच भरतात. म्हणजे शाळा अंगणात आहे, सगळ्या रंगांची मुलंही शेजारी शेजारी बसतात. पण मूल वर्गात असूनही माझ्या समजुतीमुळे ते बाहेरच राहिलं, तर काय उपयोग?

आता नवं मूल आलं, की नावावरून काही ठरवत नाही. घरी कोणती भाषा बोलता, आजीला काय म्हणता, हे घरच्यांनाच विचारते. नोंदवहीतलं ते लाजाळू मी खोडलं. आमची छोटी आता इतकी बोलते, की गप्प बस म्हणावं लागतं. परवा मी कौतुकानं तांबड्या रश्श्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, तिला तिखट चालतच नाही. घ्या! माझा आणखी एक समज गेला.