किशोरवयाचे कथाकार : साने गुरुजी

साने गुरुजींचे नाव निघाले की मराठी वाचकाला प्रथम ‘श्यामची आई’ आठवते आणि बहुधा तेथेच त्याची आठवण थांबते. हे पुस्तक घरोघर पोचले. त्याच्या छायेत गुरुजींची इतर पुस्तके मात्र झाकोळून गेली. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ या पुस्तकांत त्यांनी त्याच मुलाची कथा दुसऱ्या बाजूने सांगितली आहे. आईच्या नजरेसमोर वाढलेला श्याम पहिल्या पुस्तकात आहे. तिच्या नजरेआड, परगावी, मित्रांच्या सोबतीने आणि अर्धपोटी वाढलेला श्याम या पुस्तकांत आहे. बालपण सरले आहे पण प्रौढपण आलेले नाही, अशा वयाचे इतके मनःपूर्वक चित्रण त्या काळच्या मराठी साहित्यात विरळाच आढळते. ते कोठून आले याचा शोध गुरुजींच्या जीवनातच घ्यावा लागतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु भाऊबंदकीत आणि कर्जात वैभव ओसरत गेले होते. वडील सदाशिवराव स्वाभिमानी व भाविक, आई यशोदाबाई कष्टाळू व करारी. मोठ्या घराण्याचे नाव आणि रिकामी होत चाललेली कणगी यांच्या ओढाताणीत मुलाचे बालपण गेले. गरिबीपेक्षा गरिबीमुळे होणारा अपमान अधिक बोचतो, हे त्याला फार लवकर कळले. पुढे त्याच्या लेखणीतून उतरलेला प्रत्येक मुलगा या बोचणीशी परिचित आहे.

पालगडची शाळा संपल्यावर दापोलीचे इंग्रजी शिक्षण सुरू झाले. राम या मित्राचा स्नेह लाभला तो या काळात. लाजाळू, हळवा आणि चटकन रुसणारा श्याम या स्नेहाने मोकळा झाला. घरच्या नात्यांत प्रेम आपोआप मिळते. मैत्रीत ते मिळवावे लागते, राखावे लागते, आणि मित्र दुरावला तर ते दुःख कोणाला सांगताही येत नाही. किशोरवयातील मैत्रीत असलेली ही उत्कटता, तिच्यातील संशय व मत्सर यांसह, गुरुजींनी कोठेही न हसता मांडली. मोठी माणसे ज्या रुसव्याफुगव्यांना पोरकटपणा म्हणून बाजूला सारतात, त्यांचे मोल त्या वयात केवढे असते याचा त्यांना कधी विसर पडला नाही.

दापोलीत शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा कोकण सोडून घाटावर गेला. तेथे हाताने स्वयंपाक करावा, कधी उपाशी निजावे, आणि घरी मात्र सारे ठीक असल्याचे कळवावे, असा क्रम होता. ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकाचा बराच भाग या दिवसांनी व्यापला आहे. भुकेची लाज, मदत स्वीकारताना वाटणारा संकोच, आणि त्या संकोचाला न दुखावता आपल्या ताटातले पुढे करणारे सोबती हे त्यातील खरे नाट्य होय. औंधला प्लेगची साथ आली आणि हाही आसरा सुटला. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात पुन्हा नव्याने आरंभ करावा लागला.

पुण्यात असतानाच 2 नोव्हेंबर 1917 रोजी आई वारली. मुलगा पालगडला पोचला तेव्हा सारे आटोपले होते. ही अखेरची भेट चुकल्याचे शल्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुढच्याच वर्षी ते मॅट्रिक झाले. 1922 मध्ये बी. ए. आणि 1924 मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन एम. ए. झाले. अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी गेले होते. परंतु ग्रंथांतील तत्त्वचर्चेपेक्षा मुलांचा सहवास त्यांना अधिक ओढू लागला.

1924 पासून 1930 पर्यंत ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि त्यांच्यातील लेखकाला आपला वाचक सापडला. खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले घरापासून दूर राहत होती; दापोली-औंधचा श्याम जणू अनेक रूपांनी समोर उभा राहिला. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री जागून काढीत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालविले. पुढील सर्व लेखनाची घडण येथे झाली. समोर बसलेल्या मुलाला कंटाळा येऊ नये, त्याला कमीपणा वाटू नये आणि त्याच्यापासून काही लपविले जाऊ नये, अशा बेताने वाक्य लिहिण्याची सवय त्यांना या दैनिकाने लावली. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीतील स्वामी आणि त्यांचे विद्यार्थी याच छात्रालयाच्या अनुभवातून आले आहेत.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्या वर्षी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंद्यांचा सहवास घडला, त्यांच्या भाषांशी ओळख झाली. तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’चा त्यांनी पुढे मराठी अनुवाद केला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला गेला, 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्री आपल्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. आईची ही कथा सांगितली जाते ती मित्रांना. गमावलेल्या माणसाचे दुःख मित्रमंडळात उघडे करावे आणि त्यातून सावरावे, ही गुरुजींच्या किशोरकथेची मूळ घडी या पुस्तकातही आहे.

त्यांच्या लेखनावर अतिरेकी भावुकतेचा आक्षेप वारंवार घेतला गेला. त्यांची पात्रे फार रडतात, उपदेश कथेत विरघळत नाही, आणि त्यांच्या मैत्रीच्या जगात मुलींना स्थान अगदी थोडे आहे, हे नाकारता येत नाही. परंतु मुलग्याने रडू नये असे बजावणाऱ्या समाजात त्यांनी मुलग्यांना अश्रूंची मोकळीक दिली, हेही तितकेच खरे. शिवाय त्यांचा श्याम आदर्श बालक नाही. तो खोटे बोलतो, भितो, रुसतो, चुकतो आणि हे सारे स्वतःच सांगतो. ‘गोड गोष्टी’ या मालेतून त्यांनी परभाषांतील कथा मुलांपर्यंत आणल्या. जॉर्ज इलियट यांच्या ‘सायलस मार्नर’चे रूपांतर असलेला ‘मनूबाबा’ हा त्यांपैकी एक. एकाकी विणकराला एका पोरक्या मुलीमुळे पुन्हा माणसे मिळतात, ही कथा त्यांना भावली, यात नवल नाही.

छात्रालयातील वृत्ती सार्वजनिक जीवनातही टिकली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये केलेले उपोषण आणि देशातील भाषांना एकमेकींच्या घरी नेऊ पाहणारी आंतरभारतीची कल्पना यांमागे एकच भाव होता. दाराबाहेर उभ्या राहिलेल्याची लाज त्यांनी बालपणी अनुभवली होती. कोणालाही तसे उभे राहावे लागू नये, एवढेच त्यांना हवे होते. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मात्र स्वातंत्र्याबरोबर माणसे बदलतील ही आशा विफल होत गेली, आणि गांधीजींच्या हत्येने ते आतून खचले. 11 जून 1950 रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली.

1953 मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’वर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि आईची मूर्ती लोकमानसात अधिकच ठसली. तिच्यामागे उभा असलेला मुलगा मात्र अंधुकच राहिला. असंख्य मुलांना धीर देणाऱ्या या शिक्षकाला अखेर स्वतःसाठी तो अपुरा पडला, ही व्यथा त्यांच्या पुस्तकांचे मोल कमी करीत नाही. परगावच्या वसतिगृहात पहिली रात्र काढणारा, घरी खुशाली कळवून उपाशी निजणारा विद्यार्थी या देशात आजही आहे. शेजारच्या अंथरुणावरचा मुलगाही आपल्यासारखाच जागा असेल, त्याला हाक मारावी, हे त्याला ‘धडपडणारा श्याम’ सांगतो. गुरुजींच्या किशोरकथेचे सारे सामर्थ्य या एका हाकेत आहे.