सिएनाची संत कॅथरीन आणि तिची आई लापा

२९ एप्रिल रोजी ख्रिस्तसभा सिएनाच्या संत कॅथरीनचा सण साजरा करते. ख्रिस्तसभेची धर्मपंडिता आणि पोप महोदयांना रोमला परतण्याचा आग्रह करणारी निर्भीड स्त्री म्हणून ती आपणांस परिचित आहे. तिच्या अन्नत्यागाविषयी मात्र आपण एकतर कौतुकाने बोलतो किंवा बोलतच नाही. तो अन्नत्याग घरात राहून पाहणाऱ्या तिच्या आईचा तर आपणांस विसरच पडतो. म्हणून आज आम्ही हे चरित्र त्या आईसह सांगत आहोत.

कॅथरीनचा जन्म इटलीतील सिएना शहरी १३४७ साली झाला. वडील जाकोमो बेनिंकासा हे कापड रंगविण्याचा व्यवसाय करीत. आई लापा हिला वीसहून अधिक अपत्ये झाली. त्यांतील कितीतरी बालपणीच दगावली. कॅथरीनची जुळी बहीणही तान्हेपणीच गेली. कॅथरीनला मात्र लापाने स्वतःच्या दुधावर वाढविले. साहजिकच या लेकीवर तिचा विशेष जीव होता.

१३६२ साली कॅथरीनची थोरली बहीण बोनाव्हेंतुरा बाळंतपणात मरण पावली. घरात कॅथरीनच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिने आपले केस कापून टाकले. घरच्यांनी तिची स्वतंत्र खोली काढून घेतली आणि घरकामाचा भार तिच्यावर टाकला. अखेर वडिलांनी तिचा निश्चय ओळखून विरोध सोडला.

याच वयात तिचा आहार घटत गेला. आधी मांस सुटले, पुढे पाव, भाजी व पाणी एवढेच उरले आणि विशीनंतर पावही सुटला. ती फळीवर झोपत असे. लापा तिला ओढून आपल्या बिछान्यात घेई, तर मुलगी चादरीखाली गुपचूप फळी सरकवी. लापा रडे, ओरडे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आकांत करी. मुलीला ती हवापालटासाठी उष्ण झऱ्यांवरही घेऊन गेली. पुष्कळ चरित्रकारांनी लापाला संसारात गुंतलेली, कजाग बाई ठरविले. आम्हांला तिच्यात लेक हातची जाते की काय या भीतीने व्याकूळ झालेली माता दिसते.

पुढे कॅथरीन डोमिनिकन परिवारातील व्रतस्थ स्त्रियांमध्ये सामील झाली. तिने रुग्णांची शुश्रूषा केली, १३७४ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा केली, १३७६ साली आव्हिन्यो येथे जाऊन पोप अकरावे ग्रेगरी यांची भेट घेतली. पुढच्याच वर्षी पोप महोदय रोमला परतले. या काळात तिला अन्न जवळजवळ पचेनासे झाले होते. धर्मगुरूंनी जेवण्याची आज्ञा केली, तिनेही प्रयत्न केला. पण ते जमेना. एका पत्रात तिने ही आपली दुर्बलता असल्याचे मानले आणि इतरांसारखे जेवता यावे म्हणून आपण प्रार्थना करतो, असे कळविले. इतरांना तर तिने अतिरेकी उपासापासून परावृत्तच केले. २९ एप्रिल १३८० रोजी रोममध्ये, अवघ्या ३३ व्या वर्षी तिचे निधन झाले. पतीच्या मृत्यूनंतर स्वतःही व्रतस्थ झालेली लापा मागे राहिली.

१४६१ साली कॅथरीनला संतपद मिळाले आणि १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला धर्मपंडिता घोषित केले. तिच्या प्रीतीचा, सेवेचा व सत्यनिष्ठेचा हा गौरव आहे, उपासमारीचा नव्हे. इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली तिच्या अन्नत्यागाची तुलना अ‍ॅनोरेक्सिया या आजाराशी केली. सहा शतकांनंतर निदानाची खात्री कोणी देऊ नये. मात्र आजच्या मुलींसाठी त्यातून सावध होणे आवश्यक आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावातही एखादी मुलगी ताटावरून उठते, रोडावते, लपूनछपून उपास करते आणि घरचे तिला धार्मिक वा हट्टी समजतात. हा मनाचा व शरीराचा गंभीर आजार असू शकतो. तो मुलांनाही होतो. धर्मनियमांनुसार प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच लागू होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. अशा वेळी रागावणे वा नवस बोलणे पुरेसे नाही. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो.

आणि त्या आईचे काय? आईच्या संगोपनामुळेच हा आजार होतो, असे आजचे वैद्यकशास्त्र मानत नाही. उलट उपचारात कुटुंबाला सोबत घेते. तरीही दोष तिलाच दिला जातो. प्रत्येक जेवणाच्या वेळी तिचा जीव टांगणीला लागतो, झोप उडते, ती चारचौघांत मिसळेनाशी होते. तिलाही विसावा हवा, ऐकून घेणारे कोणीतरी हवे. धर्मग्रामातील भगिनींनो, अशा आईला उपदेश करू नका, तिच्याजवळ बसा.

येत्या सणाला संत कॅथरीनची मध्यस्थी मागताना लापाचेही स्मरण करू या. जेवू न शकणाऱ्या प्रत्येक लेकराला आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या प्रत्येक मातेला प्रभू येशू बळ देवो.