नंदिवर्धनच्या राजमाता प्रभावतीगुप्ता

बोरी अरबहून नागपूरमार्गे रामटेकास जाणारे भाविक गडावर रामरायाचे दर्शन घेऊन परततात. गडाच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेल्या नगरधन या लहानशा गावाकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. हेच नगरधन सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी नंदिवर्धन या नावाने वाकाटक राजांची राजधानी होते. (आज तेथे दिसणारा किल्ला पुष्कळ नंतरचा, भोसलेकालीन आहे.) या राजधानीतून विदर्भाचा कारभार पाहिलेल्या राजमाता प्रभावतीगुप्ता यांचे चरित्र प्रत्येक वैदर्भीयास ठाऊक असावयास हवे.

प्रभावतीगुप्ता या गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्त आणि नागकुलोत्पन्न कुबेरनागा यांच्या कन्या. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक नृपती द्वितीय रुद्रसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वाकाटक घराणे प्रामुख्याने शिवोपासक. परंतु रुद्रसेन चक्रपाणी विष्णूचे भक्त झाले. त्यामागे राणीचा प्रभाव असावा, असे विद्वान मानतात.

हे संसारसुख फार काळ टिकले नाही. रुद्रसेन अकाली निवर्तले आणि अल्पवयीन पुत्रांसह राज्याचा भार या विधवा मातेवर आला. युवराज दिवाकरसेन यांच्या नावे त्यांनी किमान 13 वर्षे राज्य सांभाळले. दिवाकरसेनास राज्याभिषेक झाल्याचा उल्लेख कोठेही आढळत नाही. पुढे दामोदरसेन व प्रवरसेन हे दोघे पुत्र गादीवर आले. ज्येष्ठ पुत्राच्या वियोगाचे दुःख मातेने कसे सोसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

राजमातेविषयी आपणांस जी माहिती मिळते ती मुख्यत्वे त्यांच्या दानपत्रांतून. पुणे येथे उजेडात आलेला ताम्रपट याच 13 व्या वर्षी नंदिवर्धनहून दिलेला आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीस दंगुण हे गाव प्रथम भगवंताच्या चरणी अर्पण करून मग चनालस्वामी या आचार्यांस दिल्याचे त्यात नमूद आहे. दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ताम्रपटात वंशावळ दिली आहे ती सासरची नव्हे, माहेरच्या गुप्त घराण्याची! अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथील ताम्रपट प्रवरसेनांच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षाचा असून तो रामगिरीस्वामींच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकाहून, दिलेला आहे. मुलगा राज्य करीत असतानाही राजमातेच्या स्वतःच्या नावे दान होत होते, ही बाब लक्षणीय होय.

प्रवरसेनांनी पुढे प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. नगरधन येथे 2015 ते 2018 या काळात झालेल्या उत्खननात राजमातेचे नाव व शंखचिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. रामटेक गडावरील केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीत वाकाटककालीन शिलालेख आहे. तो बराच झिजलेला असला तरी त्यात प्रभावतीस्वामी या नावाने राजमातेचे स्मरण जतन झाले आहे. श्रीरामाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी वाटेतील या मंदिरात थांबून तो अवश्य पाहावा.