डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि मेरी

चंडीगड येथील पी.जी.आय. रुग्णालयात पेशींच्या तपासणीसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे होणारी ‘पॅप’ तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉ. पापानिकोलाऊ १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, म्हणजे ही संस्था स्थापन झाली त्याच वर्षी, निवर्तले.

ग्रीसमधील किमी या गावी १३ मे १८८३ रोजी एका डॉक्टरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अथेन्स व म्यूनिक येथे शिक्षण घेऊन १९१३ साली ते पत्नी मेरी हिच्यासह न्यूयॉर्कला उतरले. तेथे मेरीने दुकानात गुंड्या शिवल्या, डॉक्टरांनी गालिचे विकले. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली आणि गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले.

हेच स्त्रीच्या बाबतीत साधेल काय? मेरी सुमारे एकवीस वर्षे आपला स्राव तपासणीसाठी देत राहिली, शिवाय प्रयोगशाळेत विनावेतन राबली. गौरव पतीचा झाला. त्यातील निम्मा तिचा, असे आम्हांस वाटते.

पुढे रुग्ण स्त्रियांच्या स्रावात त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी आढळल्या. १९२८ साली त्यांनी हे मांडले. रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही त्याच सुमारास तसेच दाखविले होते. परंतु फारसे कोणी लक्ष दिले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राऊट यांच्यासमवेत १९४३ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे डॉक्टरांची खात्री पटली.

या रोगाच्या आरंभी वेदना नसते. पेशी बिघडल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वा अधिक वर्षे जातात, आणि ती पुष्कळदा लेकरे वाढविण्याचीच वर्षे असतात. त्या अवधीत बिघडलेला भाग काढून बहुधा गर्भाशय राखता येते. मात्र भगिनींनो, गर्भाशयाच्या आतील कर्करोग या तपासणीत निसटू शकतो. म्हणून पाळीखेरीज रक्तस्राव झाल्यास मागील तपासणी निर्दोष असली तरी डॉक्टरांना दाखवावे.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटात एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्यात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅपच्या गटात तितका फरक दिसला नाही. साधन बदलत आहे, पण दुखण्याआधी शोधण्याची वाट त्यांनीच रुळविली.

१९६१ साली ते मायामीच्या कर्करोग संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि काही महिन्यांतच वारले. मेरीने तेथील काम पुढे चालू ठेवले.